बाबा, इथली आगगाडी

ह्यूस्टन, १२ जून

तीर्थरूप बाबांस,
साष्टांग नमस्कार वि. वि.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "तुमच्याकडे दिवसाला गाड्या किती?" आणि मी विषय बदलला. भुसावळला आयुष्यभर गार्डाची ड्यूटी केलेल्या माणसाला काय सांगणार? दिवसाला नाही, आठवड्याला विचारा. न्यू ऑर्लिन्स ते लॉस एंजेलिस धावणारी सनसेट लिमिटेड आठवड्यातून तीनदा जाते, तीनदा येते. अमेरिकेतल्या चौथ्या क्रमांकाच्या शहरात लांब पल्ल्याची गाडी एवढीच! डॅलस इथून जेमतेम ३८५ किलोमीटर, पण थेट गाडी नाही.

काल मात्र आगगाडी मनसोक्त पाहिली, तीही बेसबॉलच्या मैदानात. ऑफिसातल्या मंडळींबरोबर अ‍ॅस्ट्रोजची, म्हणजे इथल्या ह्यूस्टनच्या संघाची, मॅच बघायला गेलो होतो. मैदानाला लागूनच १९११ सालचं युनियन स्टेशन आहे. न्यूयॉर्कचं ग्रँड सेंट्रल ज्या वास्तुविशारदांचं, त्यांचंच हेही. २००० साली मैदान उघडलं तेव्हा ती इमारत पाडली नाही, प्रवेशद्वार करून टाकलं. उंच खांबांच्या त्या हॉलमधून लोक आता पॉपकॉर्न हातात घेऊन आत शिरतात.

मग होमरन झाला. म्हणजे आपला षटकार समजा. डावीकडच्या उंच भिंतीवर शिट्टी वाजली आणि जुन्या वाफेच्या इंजिनाची प्रतिकृती चक्क रुळांवरून सरकू लागली! डांगरी घातलेला ड्रायव्हर लोकांना हात करत होता. रूळ अडीचशे मीटरही नसतील. काल तीन होमरन झाले, वर सामना जिंकला, म्हणजे तीन तासांत चार फेऱ्या. खऱ्या गाडीची चौथी फेरी पुढच्या आठवड्यात.

परतताना खऱ्या स्टेशनावरून मोटार वळवायला लावली. छोटीशी बैठी इमारत, चिटपाखरू नाही. भुसावळशेजारच्या आपल्या छोट्या भादलीला याहून जास्त गाड्या थांबत असतील. सोबतचा मुलगा इथेच जन्मलेला, म्हणाला, "हे स्टेशन आहे होय?"

एक राहिलंच. मैदानातली ती गाडी टोकाला गेली की तशीच उलटी मागे येते. मी मुद्दाम बघितलं, ना गार्ड, ना हिरवी झेंडी. तुम्ही सुटूच दिली नसतीत.

आईला नमस्कार. गुडघ्याचं तेल संपलं असेल तर कळवा.

तुमचा,
मिलिंद