दुकान का सोडत नाही : आई-नानांना पत्र

धुळे

ती. नाना आणि आईस साष्टांग नमस्कार.

फोनवर आई रडली आणि नाना गप्प बसले, म्हणून लिहायला घेतलं. फोनवर माझं एकही वाक्य तुम्ही पुरं होऊ देत नाही. पत्रात मधे तोडता येत नाही, एवढा तरी फायदा.

तुम्हाला ज्यांनी सांगितलं त्यांनी खोटं सांगितलं नाही. एका बाईने माझ्या अंगावर कापडाची घडी फेकली, तीही भर दुकानात. पण सांगणाऱ्या तेव्हा जिन्यातून चढत होत्या, तेवढंच त्यांना दिसलं. आधीचं आणि नंतरचं राहिलं. ते सांगते, मग ठरवा "दुकान सोड, घरी ये" म्हणायचं का.

बस्ता होता. पारोळ्याकडची मंडळी, मुलीकडचे आणि मुलाकडचे मिळून गादीवर वीसेक माणसं, लहान पोरं वेगळी. आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, आधीचा आठवडा म्हणजे आमच्याकडे श्वास घ्यायला वेळ नसतो. लेकी माहेरी यायच्या असतात, त्यांच्या साड्या. त्यात लग्नाच्या तारखा. त्यात कोणी इथल्या एकवीरा देवीला जाऊळ करून थेट आमच्या पाचकंदिलाच्या बाजारात आलेले. बाहेर त्रेचाळीस-चव्वेचाळीस डिग्री, आत पंखा गरम हवाच फिरवतो. अशात दोन्हीकडच्या करवल्यांना एकाच रंगाचे घागरे शिवायचं ठरलं. मोरपंखी. पहिला तागा संपला, मी दुसरा काढला. नंबर तोच, पण लॉट वेगळा. नाना, कापड रंगवायला जातं तेव्हा एका घाण्यातलं आणि दुसऱ्या घाण्यातलं कधीच तंतोतंत जुळत नाही. ट्यूबलाइटखाली तर डोळा हमखास फसतो. मुलाच्या आत्याबाईंना मात्र फरक दिसला. "आम्हाला खेड्याचे समजता काय, वेगळा माल खपवता," म्हणाल्या आणि घडी फेकली.

आता आई, खरं सांगू? फरक होता. त्यांची नजर बरोबर होती. मी तेच म्हटलं, "आत्याबाई, बरोबर पकडलंत, चला उजेडात बघू." दोन्ही तुकडे घेऊन दारात गेले. उन्हात एक जरा हिरवट, एक जरा निळसर. सगळ्यांसमोर त्या खऱ्या ठरल्या तसा आवाज निम्म्यावर आला. मग मी सुचवलं, मुलीकडच्या करवल्यांना एका ताग्यातलं द्या, मुलाकडच्यांना दुसऱ्यातलं. फोटोत दोन गट वेगळे उभे राहतात, रंगही आपला-आपला राहील. ते सगळ्यांना पटलं.

पण राग मोरपंखीचा नव्हताच. तो साडीचा होता. बस्त्यात सगळ्या मानाच्या साड्या निवडून झाल्या होत्या, आणि आत्याबाईंची साडी त्यांना न विचारता कुणीतरी बाजूला टाकली होती. मी इथे आल्यापासून पाहते, बस्त्यात माणूस कापडावर चिडलेला फार क्वचित असतो. मला विचारलं नाही, माझ्यापेक्षा जावेची भारी घेतली, माझ्या लेकीच्या वेळेस यांनी काय दिलं होतं, हे सगळं कापडावर निघतं, आणि कापड माझ्या हातात असतं. मी त्यांना वेगळं बसवलं, चहा मागवला, आणि त्यांच्याच किमतीत तीन साड्या उघडून "तुम्ही सांगा" म्हटलं. जांभळी घेतली त्यांनी. चांगली निवडली.

"त्यांच्याच किमतीत" म्हटलं, त्याचं कारणही सांगते. मुलीचे वडील पायऱ्यांजवळ, चपलांपाशी बसले होते. बस्ता ज्याच्या खिशातून जायचा असतो तो माणूस गादीवर पुढे येत नाही, हे आता मला सवयीने कळतं. बसायच्या आधीच मी त्यांना बाजूला घेऊन विचारते, "काका, आहेराच्या साड्या कितीपर्यंत, मानाच्या कितीपर्यंत?" मग त्याच्या वरचा माल मी खाली काढतच नाही. आमच्यातले काही सेल्समन मुद्दाम आधी भारीची घडी उघडतात, कारण एकदा बाईचा हात जरीवर फिरला की खालची साडी तिला फिकी वाटते. धंदा होतो, पण पायऱ्यांजवळचा माणूस बिलाच्या वेळेला शेठशी भांडतो आणि अर्धा माल परत गादीवर येतो. त्या घड्या घालायला मीच बसते. म्हणून हा माझा चांगुलपणा समजू नका, माझा रात्रीचा तासभर वाचतो.

नाना, तुम्हाला एक विचारायचं होतं. खेडा खरेदीवाला वजनकाटा घेऊन दारात येतो, आपल्या कापसात हात घालतो, मूठ दाबतो आणि म्हणतो, ओल आहे, किडकी कवडी फार आहे, एवढी कट्टी लागेल, म्हणजे वजनात तेवढी कपात. तेव्हा तुम्ही काय करता? काहीच नाही. सरकारी खरेदीत निदान मोजमाप तरी ठरलेलं, ओल 8 टक्क्यांपर्यंत असेल तर पूर्ण हमीभाव, त्यावर 12 पर्यंत कपात, आणि 12 च्या वर घेतच नाहीत. पण दारातल्या व्यापाऱ्यापुढे तुम्ही गप्प राहता, कारण बियाण्याचे पैसे द्यायचे असतात. वर्षभर ज्याला आपल्याच मालाचा भाव सांगता येत नाही, तो माणूस कापडाच्या दुकानात आला की मीटरमागे पाच रुपयांसाठी तासभर घासाघीस करतो. लोक त्याला कटकट्या म्हणतात. मला त्याच्यात तुम्ही दिसता. शिंदखेड्याकडचा एक म्हातारा तर पॉपलिन चिमटीत धरून म्हणाला, "आमना कापूस कितलाले लेतस आनि हाई कितलाले इकतस!" मी काय बोलणार? सुतापासून ताग्यापर्यंत किती हात लागतात ते सांगायला गेले असते तर त्याने मला व्यापाऱ्यांची वकील ठरवलं असतं. पाच रुपये मी कमी करू शकत नव्हते, तेवढी मला मुभा नाही. पण कापायच्या आधी एक वीत सोडून कात्री लावली, तेवढी मुभा आहे.

सगळे असे मनाला लागत नाहीत, काही नुसतेच वैताग आणतात. "सुरतला हेच निम्म्यात मिळतं" हे वाक्य मी दिवसाकाठी किती वेळा ऐकते ते विचारू नका. खोटंही नाही. नरडाण्याहून गाडीत बसलं की माणूस थेट सुरतेच्या बाजारात उतरतो, आमचा शेठसुद्धा माल तिथूनच भरतो. मी आता वाद घालत नाही. "हो दादा, गठ्ठा घेतला तर पडतं स्वस्त, तुम्हाला किती मीटर देऊ?" एवढंच विचारते. बहुतेकांना अडीच मीटरच हवं असतं.

"रंग जाईल का?" याचं उत्तर मी खरं देते, त्यावरून शेठ आधी माझ्यावर चिडायचे. गडद लाल आणि काळं सुती कापड पहिल्या धुण्यात थोडा रंग सोडतंच. वेगळं धुवा, शिवायच्या आधी भिजवा, नाहीतर शिवलेलं आखडेल. एवढं सांगितलं तर गिऱ्हाईक जाईल असं त्यांना वाटायचं. एखादं जातंही. पण ज्याला सांगितलं तो आठ दिवसांनी बादलीतलं लाल पाणी मोबाईलमध्ये दाखवायला येत नाही.

परत करायला येणारे मात्र अवघड. भिंतीवर पाटी आहे, कापलेला माल परत घेतला जाणार नाही. शिंप्याने ब्लाऊज बिघडवलं आणि बाई आमच्याकडे आली, तर मी पाटीकडे बोट दाखवत नाही. पाटी दाखवली की माणूस पेटतो. ब्लाऊज हातात घेऊन बघते, दंडाला दाब सोडला असेल तर उसवून कुठे वाढेल ते सांगते. पण एकदा एका मास्तरांनी शर्टपीस आणला, त्यात आडवा धागा तुटलेला, विणतानाच. त्यांना पाटी लागूच नव्हती. सदोष माल बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर 30 दिवसांत, परत घ्यायला नकार देणं 2019 च्या ग्राहक कायद्यात अनुचित व्यापार ठरतं. हे मला कुणी शिकवलं नाही, मास्तरांनीच ऐकवलं, तेही चढ्या आवाजात. शेठने कुरकुर करत बदलून दिला. मास्तर अवघड गिऱ्हाईक होते आणि त्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. या दोन्ही गोष्टी एकाच माणसात असू शकतात, हे मला इथे रोज दिसतं.

आणि ती साक्रीकडची आजी! आई, तुला ही फार आवडली असती. नातसुनेच्या बाळंतपणासाठी दुपट्यांना मऊ कापड हवं होतं. मी मीटरचा भाव सांगितला, तर म्हणे, "माले मीटर नको, वारवर दे." मी सांगितलं, आता सगळं मीटरवर असतं, पट्टीवर सरकारी शिक्का आहे बघा. "शिक्का तुमना, पट्टी तुमनी, मंग मन्हं काय शे?" मागे चार गिऱ्हाईकं उभी. पट्टी बाजूला ठेवली आणि म्हटलं, आजी, तुम्ही मोजा तुमच्या पद्धतीने. तिने कापडाचं टोक नाकाशी धरलं, मान वळवली, हात लांब ताणला आणि बोटाच्या शेवटाला चिमूट धरली. वार. मी तीच चिमूट पट्टीवर ठेवली. मीटर तिच्या वारापेक्षा चार बोटं पुढे गेला. पट्टीवरचा वार 36 इंचांचा, मीटर 39 इंचांहून थोडा जास्त, आणि म्हातारीचा हात जवळजवळ पट्टीइतकाच पक्का! तिने चार बोटं दोनदा मोजली. मग मागे वळून रांगेतल्या बायकांनाच सांगायला लागली, मीटरवर घ्या, मीटरवर जास्त भरतं. त्या दिवशी आमची निम्मी विक्री तिनेच केली.

हे वाचून तुम्हाला वाटेल पोरगी सगळं गोड करून सांगते आहे. तसं नाही. काही माणसं वाईटच असतात. एक जण येतो, बायकोला कापड दाखवताना माझ्याकडे बघून बोलतो. दुसरा एक न विचारता मोबाईल माझ्यावर धरून उभा राहिला. तिथे मी मऊ बोलत नाही. घडी मिटते, "दुसरा माणूस दाखवेल" म्हणते आणि काउंटर सोडते. मोबाईलवाल्याला शेठने स्वतः उठून फोटो पुसायला लावला आणि जिन्यापर्यंत पोचवला. शेठ पगाराच्या बाबतीत कवडीचुंबक आहेत, पण ही एक गोष्ट त्यांनी पहिल्या दिवशी सांगितली होती, अपमान सहन करायचे पैसे मी देत नाही. आत्याबाईंची घडी आणि हा मोबाईल यांतला फरक मला कळतो. त्या रागावल्या होत्या, हा माज होता.

पायांचं आई विचारत असतेस. दुखतात. सणाच्या दिवसांत सकाळी दहापासून रात्री नऊपर्यंत उभं राहणं होतं, आणि पूर्वी बसलं की शेठ बघायचे. केरळात कापडदुकानांतल्या बायका याच गोष्टीसाठी भांडल्या, आणि 2018 साली तिथल्या सरकारने बसायची सोय कायद्यातच घातली. तमिळनाडूने 2021 मध्ये तेच केलं. मी ती बातमी शेठच्या मुलाला दाखवली. तो शिकलेला आहे. आता काउंटरमागे तीन स्टुलं आली आहेत, आम्ही सहा जणी आहोत, आळीपाळीने बसतो. आमच्यातली एक म्हणते, गिऱ्हाईकापेक्षा या स्टुलावरून आमचं भांडण जास्त होतं.

तर दुकान मी सोडत नाही. लग्नाचं म्हणाल तर ते वेगळं बोलू, त्यासाठी दुकान आड येत नाही. आणि ज्यांनी तुम्हाला सांगितलं त्यांना काही बोलू नका, उगाच वाईटपणा.

आता लगीनसराई ओसरली की गणवेशांची गर्दी सुरू होईल, जूनमध्ये मला डोकं वर काढता येणार नाही. म्हणून आत्ताच दोन कामं. दादाच्या चिंगीचं माप पाठवा, छाती आणि पूर्ण उंची, टेपने, अंदाजाने नको. शाळेने यंदा चौकट बदलली आहे का ते वहिनीला विचारून घ्या, मागच्या वर्षी आकाशी होती. कापड आलं की एसटीच्या पार्सलने नरडाण्याला टाकते. आणि नाना, तुमच्यासाठी पांढरं पायजम्याचं कापड कापून ठेवलंय. ते शिंप्याकडे न्यायच्या आधी रात्रभर पाण्यात भिजवा. गेल्या वेळी न भिजवता दिलंत आणि पायजमा घोट्याच्या वर गेला, तरी महिनाभर तुम्ही शिंप्यालाच शिव्या देत होतात.

तुमची,
ताई