लाकडांचं डोकं झाक, अंग उघडं ठेव

माँटपीलियर, व्हरमाँट
१२ ऑगस्ट

प्रिय विद्या,

फोटो मिळाले. घर छान आहे, मागचं अंगण तर फारच. पण त्या अंगणात निळ्या ताडपत्रीत बांधून ठेवलेलं थंडीच्या जळणाचं बोचकं पाहिलं आणि लगेच लिहायला बसले. ती ताडपत्री आज संध्याकाळीच सोड. फोनवर सांगितलं असतं, पण तू अर्ध्यातच "हो गं, कळलं" म्हणतेस.

तू असं का केलंस ते मला कळतं. आपल्याकडे आगोटीला लाकडं पडवीत रचायची आणि मिरगाच्या आधी पावसाच्या अंगाला झापं बांधून टाकायची, हेच आपण बघत आलो. तिथे ते बरोबरच होतं. मे महिन्याच्या उन्हात लाकूड वाळून खडखडीत झालेलं असायचं, पुढचे चार महिने पाऊस आडवा आणि हवासुद्धा ओली. काम उरायचं ते वाळलेलं सांभाळायचं. तुझं लाकूड अजून वाळायचं आहे. अमेरिकेच्या या कोपऱ्यात पाऊस येतो नि जातो, मधल्या दिवसांत ऊन असतं, वारा असतो, आणि लाकूड वाळवतो तो मुख्यतः वाराच. ताडपत्री जमिनीपर्यंत ओढलीस की लाकडातून निघालेली वाफ आत कोंडते, रात्री गारव्याने तिचं पाणी होतं आणि परत लाकडावरच गळतं. महिन्याभरात बुरशी धरेल.

तेव्हा फक्त वरून झाक. जुने पत्रे मिळाले तर सगळ्यांत उत्तम. चार बोटं बाहेर येतील असे ठेव आणि वर दगड. ताडपत्रीच वापरायची तर तिची घडी घालून माथ्यापुरतीच ठेव, बाजू पूर्ण मोकळ्या. खाली लाकडी पॅलेट टाक, म्हणजे मातीची ओल चढणार नाही. रांग एकेरी रच आणि दोन रांगांत हात जाईल एवढी फट सोड. टोकांना एक थर उभा, एक आडवा असं रचलंस तर बाजूला आधार लागत नाही. घराच्या भिंतीला मात्र टेकवू नकोस: उंदीर, मुंग्या आणि भिंतीची ओल, तिन्हींना आमंत्रण. घरात दोन-चार दिवसांपुरतंच आण.

आता विकणाऱ्याबद्दल. त्याने "सीझन्ड", म्हणजे वाळवून तयार, म्हणून दिलं असेल. त्या शब्दावर जाऊ नकोस. काहींच्या लेखी वसंतात तोडलेलं झाडसुद्धा सीझन्ड असतं. ओलावा मोजायचं छोटं यंत्र हार्डवेअरच्या दुकानात मिळतं, ते घे. पण ओंडक्याच्या बाहेरच्या अंगाला टोचून बघितलंस तर आकडा फसवा येईल, कारण बाहेरून तो केव्हाच वाळलेला असतो. एखादा तुकडा फोड आणि त्या ताज्या फटीवर मधोमध टोच. २० टक्क्यांच्या खाली आला तर जाळायला हरकत नाही. ३० दाखवलं तर यंदा त्याला हात लावू नकोस. ओलं लाकूड पेटतं, नाही असं नाही, पण आगीची बरीच ताकद पाणी उकळण्यातच जाते. धूर थंडच वर चढतो आणि चिमणीत डांबरासारखा चिकट थर बसतो, त्याला क्रिओसोट म्हणतात. तो कधीतरी पेट घेतो. चिमणीतली आग म्हणजे काय ते तुला बघायला लागू नये.

फोटोत मला तीन जातींची लाकडं दिसली. पांढऱ्या सालीचं ते बर्च. त्याची साल अजिबात पाणी सोडत नाही (इथले मूळ रहिवासी तिच्या होड्या करायचे), म्हणून अख्खा ओंडका आतल्या आत कुजतो. ते आधी फोडून घे. ओक असेल तर त्याला दोन उन्हाळे लागतात. ते वेगळं काढून मागच्या रांगेत टाक. अ‍ॅश मात्र तुझ्या कामाचं. ताजं तोडलं तरी त्यात पाणी कमी असतं, फोडून वाऱ्यावर ठेवलंस तर पहिल्या थंडीपर्यंत बरंच वाळेल. हल्ली ते भरपूर मिळतं, त्याचं कारण वाईट आहे: आशियातून आलेला एक हिरवा भुंगेरा ही झाडं मारत सुटलाय. २००२ मध्ये तो मिशिगनमध्ये सापडला, २०१३ मध्ये तुमच्या न्यू हॅम्पशायरमध्ये, २०१८ मध्ये आमच्याकडे. त्याच्यामुळेच मी आमचं वाळलेलं मेपल गाडीत घालून तुला आणून देऊ शकत नाही. सरपणातून असे किडे पसरतात, म्हणून दुसऱ्या राज्यातलं साधं सरपण तुमच्याकडे आणायला बंदी आहे, आमच्याकडेही तेच. नाहीतर पुढच्या शनिवारीच आले असते.

मापाचंही बघ. कॉर्ड म्हणजे रचून ४ फूट उंच, ४ फूट रुंद, ८ फूट लांब, एकूण १२८ घनफूट. काही जण "फेस कॉर्ड" म्हणून १६ इंची तुकड्यांची एकच रांग देतात. तो जेमतेम तिसरा हिस्सा होतो. ट्रकमधून नुसता ओतलेला ढीग बघून काहीच समजत नाही, म्हणून रचल्यावर टेप लावायची. पैसे देऊन झाले असतील तरी मोज, पुढच्या वर्षी कोणाकडून घ्यायचं नाही ते तरी कळेल.

आणि किती पुरेल म्हणून विचारलं होतंस. इथले जुने शेतकरी म्हणतात, २ फेब्रुवारीला निम्मं लाकूड आणि निम्मा चारा शिल्लक पाहिजे. आपल्याला वाटतं जानेवारी सरला की थंडी सरली. छे! मार्चमध्येही घर ऊबदार ठेवणारा लाकडाचा स्टोव्ह दिवसरात्र चालतो, आणि एप्रिलमध्ये पुन्हा बर्फ पडलं की इथे कोणाला नवल वाटत नाही. म्हणून दाराकडून जिथपर्यंत बर्फात वाट काढता येईल तिथेच यंदाची रांग ठेव. ओक लांब गेलं तरी चालेल.

सुधीरला सांग, कुऱ्हाड नको. जाड पात्याचा, घणासारखा वजनदार मॉल घ्या. त्याच्या पाठीचं दुखणं मला माहीत आहे, तेव्हा खरं तर फोडायचं यंत्र दिवसभरासाठी भाड्याने आणलेलं बरं.

ताज्या फटीवरचे आकडे कळव, जातवार. आणि चिमणी साफ करणाऱ्याला उद्याच फोन कर. सप्टेंबर लागला की ते लोक हाती लागत नाहीत.

तुझी,
नीला