समुपदेशकाला दार लागणारी खोली हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नौदल दिनानिमित्त ४ डिसेंबरच्या अंकात आपण १९७१ मधील कराचीवरील क्षेपणास्त्र हल्ल्याची आठवण प्रसिद्ध केलीत. ती वाचून माझ्यासोबत ९ वर्षे विज्ञान शिकविलेल्या एका निवृत्त नौदल अधिकाऱ्याविषयी लिहावेसे वाटले. त्यांना प्रसिद्धी आवडत नाही, म्हणून नाव देत नाही. मुले त्यांना ‘कमांडरसर’ म्हणतात.

करवीर तालुक्यातील शेतकऱ्याच्या घरातून ते नौदलात गेले, लोणावळ्याच्या आयएनएस शिवाजी या नौदलाच्या अभियांत्रिकी प्रशिक्षण केंद्रात शिकले आणि २२ वर्षे युद्धनौकांच्या इंजिनकक्षांत काढून गावी परतले. त्यानंतर बी.एड. करून ते शाळेत आले. पहिल्या वर्षी ते हुकमाच्या सुरात शिकवीत आणि वर्ग चिडीचूप असे. त्या शांततेला आपण शिस्त समजलो, ही आपली चूक झाली, असे त्यांनीच पुढे शिक्षककक्षात सर्वांसमोर सांगितले.

दहावीचा एक मुलगा पूर्वपरीक्षेत नापास झाल्यावर शाळेत येईनासा झाला. हजेरीपटावर त्याच्या नावापुढे गैरहजेरी लागत राहिली आणि मी त्याची वर्गशिक्षिका असूनही घरी चौकशी केली नाही, याची खंत मला आजही आहे. कमांडरसर त्याच्या गावी जाऊन त्याला घेऊन आले. परतल्यावर ते म्हणाले की, जहाजावरून कोणी समुद्रात पडले, तर पाहणाऱ्याने आरोळी ठोकून त्याच्या दिशेने हात रोखून उभे राहायचे आणि जहाज वळून येईपर्यंत नजर हटवायची नाही, कारण लाटांत डोके एकदा दिसेनासे झाले की पुन्हा सापडणे कठीण असते. त्याच वर्षी त्यांनी समुपदेशनाच्या पदविकेसाठी नाव घातले.

आता ते रोज सायंकाळी मुलांचे ऐकून घेतात. पहाटे दोनपर्यंत जागून अभ्यास केल्याचे कौतुकाने सांगणाऱ्यांना ते समजावतात की, जहाजावर मध्यरात्री ते पहाटे चार असा पहारा असतो, पण तो पाळ्यांनी वाटलेला असतो आणि पहारा संपलेल्याने झोपणे हेही कर्तव्यच असते. सैन्यभरतीसाठी माळावर धावणाऱ्या मुलांना अग्निवीरांपैकी २५ टक्क्यांपर्यंतच जवान ४ वर्षांनंतर कायम होतात हे ते स्पष्ट सांगतात आणि दुसरी वाटही त्यांच्यासोबत बसून शोधतात. मानसिक आरोग्यासाठी ‘टेली-मानस’ची १४४१६ ही सरकारी दूरध्वनी मदतवाहिनी आहे व तिचा फलक शाळेत लावलाही आहे, परंतु मोबाइल घरच्यांच्या हातात असलेल्या मुलीने कोणापाशी बोलावे?

राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ मध्ये याच शहरात मराठा विद्यार्थ्यांचे वसतिगृह उभारले. अशा नगरीतील शाळा निवृत्त अधिकाऱ्यांना १५ ऑगस्टला झेंडावंदनासाठी बोलावतात आणि शाल-श्रीफळ देऊन निरोप देतात, याचे मला वाईट वाटते. ज्यांनी समुपदेशनाचे रीतसर शिक्षण घेतले आहे, अशांना शिक्षण विभागाने व संस्थाचालकांनी आठवड्यातून निदान दोन दिवस मानधनावर नेमावे आणि मुलांना मोकळेपणाने बोलता येईल अशी, दार लागणारी एक खोली द्यावी. आमच्या शाळेत जिन्याखालची क्रीडासाहित्याची खोली मिळाली होती. तिचे दार माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून बसविले.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका, कोल्हापूर