शोक, नैराश्य आणि आपला विश्वास

संपादक महोदय,

जिवलगाच्या मृत्यूनंतर महिनोन्महिने न सावरलेल्या माणसाला आम्हा ख्रिस्ती मंडळीकडून बहुधा दोन वाक्ये ऐकावी लागतात : ‘तो प्रभूजवळ आहे, मग रडता कशाला?’ आणि ‘प्रार्थना करा.’ पहिले वाक्य शोकालाच अविश्वास ठरवते. दुसरे खोटे नाही, पण शोकाआड नैराश्याचा आजार असेल तर तेवढ्यावर थांबल्याने उपचार लांबतात.

मरण पावलेला आपला मित्र लाजर याला आपण पुन्हा जिवंत करणार हे ठाऊक असूनही येशू रडला (योहान ११:३५). प्रेषित पौलानेही थेस्सलनीका शहरातल्या मंडळीला लिहिताना शोक करण्याची मनाई केली नाही, आशा नसलेल्यांसारखा तो करू नये एवढेच म्हटले.

शोकाचे उमाळे येतात आणि ओसरतात. मधल्या वेळात माणूस मृताची एखादी गंमत आठवून हसतोही, आणि स्वतःविषयीचा आदर सहसा शाबूत असतो. नैराश्यात उदासी किंवा कशातच रस नसणे किमान दोन आठवडे, जवळजवळ रोज आणि दिवसभर टिकते, त्यासोबत झोप व भूक बिघडते आणि माणूस स्वतःलाच कवडीमोल समजू लागतो. नेमके इथेच आम्ही फसतो, कारण ‘मी पापी आहे, मला क्षमा नाही’ हे त्याचे शब्द आमच्या कानांना पश्चात्तापासारखे वाटतात. पश्चात्तापाला कबूल करण्याजोगी एखादी चूक असते आणि क्षमेने तो हलका होतो. नैराश्यातील अपराधी भावना मात्र क्षमेचे वचन शंभरदा वाचून दाखवले तरी तसूभर हलत नाही.

अर्थात शोक आणि नैराश्य दोन्ही एकाच माणसात असू शकतात. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत जवळच्या व्यक्तीच्या मृत्यूनंतरचे पहिले दोन महिने नैराश्याच्या निदानातून सहसा वगळले जात. २०१३च्या आवृत्तीने ही सूट काढून टाकली. त्यावर शोकालाच आजार ठरवल्याची टीका झाली, तरी मला तो बदल योग्य वाटतो, कारण घरात मृत्यू झाला म्हणून आजार दाराबाहेर थांबत नाही.

एलीया संदेष्ट्याने झुडपाखाली बसून मरण मागितले, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. भाकर आणि पाणी दिले, आणि तो पुन्हा निजला तेव्हा निजू दिले (१ राजे १९). त्याला कोणता आजार होता हे मी ठरवत नाही. पण मंडळीच्या पाळकांनी आणि वडीलजनांनी अंत्यविधीनंतर काही महिन्यांनी त्या घरी पुन्हा जावे, झोपेची, जेवणाची चौकशी करावी, जगणे नकोसे वाटते का हेही सरळ विचारावे, आणि उत्तर ‘हो’ आले तर प्रार्थना करून त्याच दिवशी स्वतः सोबत डॉक्टरांकडे जावे.

आपला,
एक ख्रिस्ती वाचक