हरणांचे राहू द्या; उसाचे वाडे आणि भाताचे पिंजर म्हशीच्या गव्हाणीत नीट पोहोचू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शेतातल्या टाकाऊ मालावर हरणे पाळावीत, ही कल्पना अधूनमधून तरुण शेतकऱ्यांच्या बोलण्यात येते. न्यूझीलंडमध्ये तांबड्या हरणांचे कळप कुंपणात पाळतात, चीनमध्ये कोवळ्या शिंगांसाठी ठिपक्यांची हरणे पाळून त्यांना मक्याच्या ताटांचा मुरघास (हवाबंद मुरवलेला ओला चारा) घालतात, मग कोल्हापुरात का नको, असे विचारले जाते. पहिली अडचण कायद्याची आहे. चितळ, सांबर, भेकर हे आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली संरक्षित प्राणी आहेत. ते धंद्यासाठी पाळता येत नाहीत, त्यांचे मांस किंवा शिंगे विकता येत नाहीत. दुसरी अडचण पोटाची आहे. हरीण निवडून खाते. अरुंद तोंडाने पाला, कोंब, कोवळी टोके वेचते आणि त्याच्या कोठीपोटात (रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटाच्या पहिल्या, मोठ्या कप्प्यात) चारा फार वेळ थांबत नाही. भाताच्या पिंजरासारखी भरड वैरण पचायला जो वेळ लागतो, तो वेळच तिथे मिळत नाही. म्हशीचे कोठीपोट नेमके याच कामाचे असते. आपल्या जिल्ह्यात जे टाकाऊ म्हणून पेटवले जाते त्याचे दूध करायला म्हैस पुरेशी आहे. फक्त घालण्याची पद्धत सुधारायला हवी, आणि गळीत हंगामाच्या तोंडावर हे बोलणे गरजेचे आहे.

उसाच्या वाड्यापासून, म्हणजे तोडीत छाटलेल्या हिरव्या शेंड्यापासून, सुरुवात करतो. नोव्हेंबर ते मार्च करवीर, कागल, हातकणंगले, शिरोळच्या गोठ्यांत वैरण म्हणजे वाडेच. ताज्या वाड्यात साधारण ७० ते ७५ टक्के पाणी असते आणि कोरड्या वजनाच्या जेमतेम ५ ते ६ टक्के प्रथिने. पोट भरते, पण दूध त्यावर निघत नाही. त्यातून मोठी गोम म्हणजे ऑक्झलेट. हे द्रव्य पोटात कॅल्शियमला धरून ठेवते, त्याचे न विरघळणारे कण बनतात आणि कॅल्शियम शेणावाटे निघून जाते. फेब्रुवारी-मार्चपर्यंत त्याचे परिणाम दिसू लागतात: दूध हळूहळू उतरते, म्हैस मुक्या माजावर राहते (माज दिसतच नाही) किंवा वारंवार उलटते (भरवूनही गाभण राहत नाही), व्यायल्यावर उठत नाही. दोष हवामानाला किंवा पेंडीला दिला जातो.

यावर गावोगाव सांगितला जाणारा उपाय म्हणजे चुन्याची निवळी वाड्यावर शिंपडणे. उपायामागचा विचार बरोबर आहे, पण हिशेब कुणी करत नाही. एका म्हशीला दिवसाला २० किलो वाडे घातले तर साडेपाच किलोच्या आसपास कोरडा चारा पोटात जातो. त्यात १ टक्का ऑक्झलेट धरले तरी ते २५ ग्रॅमच्या जवळपास कॅल्शियम अडकवते. ८ लिटर दुधातून आणखी १४ ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम बाहेर जाते, ते वेगळेच. आता निवळी पाहा. चुना पाण्यात फारच थोडा विरघळतो. वरच्या स्वच्छ पाण्यात लिटरमागे १ ग्रॅमसुद्धा कॅल्शियम नसते. म्हणजे नुकसान भरून काढायला एका म्हशीसाठी रोज २५-३० लिटर निवळी लागेल. दोन तांबे शिंपडून मनाचे समाधान होते, म्हशीचे काही होत नाही.

त्यापेक्षा कॅल्शियम आंबोणातून (भिजवलेल्या खुराकातून) द्यावे. चांगल्या खनिज मिश्रणात २० टक्के कॅल्शियम आणि १२ टक्के स्फुरद (फॉस्फरस) असते. त्याचे ५० ग्रॅम आणि जनावरांच्या खाद्यासाठी मिळणारी कॅल्साइट भुकटी ४० ग्रॅम, एवढ्यात ते २५ ग्रॅम भरून निघतात. नुसती कॅल्साइट देऊन खनिज मिश्रण वाचवू नये. स्फुरद कमी पडला तर व्यालेल्या म्हशीला लाल लघवीचा आजार होतो आणि तो पाहता पाहता जीव घेतो. गाभण म्हशीची कॅल्साइट मात्र विण्याआधीचे तीन आठवडे बंद ठेवावी. त्या काळात कॅल्शियम जास्त मिळाले की शरीर हाडांतले कॅल्शियम काढण्याची सवय सोडते, आणि व्यायल्यावर नेमके तेच लागते. दुसरी गोष्ट, वाडे एकदम वाढवू नये. कोठीपोटातल्या जिवाणूंना ऑक्झलेट फोडायची सवय लागते, पण त्याला वेळ द्यावा लागतो. तोड सुरू झाली की पहिल्या दिवशी ४-५ किलो आणि मग आठ-दहा दिवसांत १५ किलोपर्यंत. त्यापुढे जाऊ नये. उरलेली भूक कडबा, मका किंवा हत्ती गवत, आणि मिळेल तर थोडा लसूणघास यांवर भागवावी.

हंगामात वाडे उतू जाते आणि एप्रिल-मेमध्ये वैरणीसाठी वणवण होते, ही विसंगती मोडायची तर वाड्याचा मुरघास करावा. वाडे तोडीच्या दिवशीच कुट्टी करावे, तुकडा दीड ते दोन सेंटिमीटरचा. वाळलेले पाचट आधी काढून टाकावे, नाहीतर दाब बसत नाही. कुट्टी मुठीत दाबल्यावर पाणी ठिबकले तर ओली, मूठ उघडताच विस्कटली तर वाळलेली. हळूहळू सैल झाली तर बरोबर. फडात तीन-चार दिवस ढिगात पडलेल्या वाड्याचा मुरघास करू नये, त्यात हवा राहते आणि बुरशी धरते. उसाची कांडी जास्त आली तर साखरेवर यीस्ट वाढून दारूचा वास येतो आणि सत्त्व वायूरूपाने उडून जाते, म्हणून शेंडा छाटताना कांडी खालीच सोडावी.

१० फूट लांब, ५ फूट रुंद, ५ फूट खोल खड्ड्यात २५० घनफूट जागा होते. नीट तुडवलेला मुरघास घनफुटाला १५ किलो धरला तर पावणेचार टन. सहा म्हशींना रोज १५-१५ किलो घातला तरी चाळीस दिवस पुरतो. खड्डा उंचावर, पाणी न झिरपणाऱ्या जागी घ्यावा, तळाला आणि बाजूंना जाड प्लॅस्टिक, अर्ध्या फुटाचा थर टाकून दर वेळी तुडवणे, आणि एक-दोन दिवसांत भरणे संपवणे. आठवडाभर रोज थोडे-थोडे भरणारा खड्डा सडतो. वरती प्लॅस्टिकच्या कागदावर माती टाकावी. ४५ दिवसांनी उघडल्यावर आंबट-गोड वास आणि पिवळसर हिरवा रंग हवा. उघडल्यावर एका टोकाकडून, संपूर्ण उभी बाजू, रोज किमान चार बोटे मागे जाईल एवढे काढावे. मधेच भगदाड पाडले की हवा आत जाऊन उरलेला माल तापतो. मुरघासाने ऑक्झलेट नाहीसा होतो असे समजू नये, आंबोणातली खनिजे इथेही लागतातच.

आता पश्चिमेकडे. शाहूवाडी, पन्हाळा, राधानगरी, आजरा, चंदगडमध्ये भाताचे पिंजर हीच वैरण. त्यात प्रथिने ३-४ टक्के, सिलिकेचा (वाळूत असते त्या द्रव्याचा) अंश भरपूर. युरिया प्रक्रियेने ती ७-८ टक्क्यांपर्यंत जातात. १०० किलो वाळलेल्या पिंजराला ४ किलो पशुखाद्य दर्जाचा युरिया, ४० ते ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून. २०-२५ किलोचा थर, त्यावर झारीने सारखी फवारणी, तुडवणे, असे करत गंजी रचून प्लॅस्टिकने हवाबंद करावी. २१ दिवसांत युरियाचा अमोनिया होतो, तो काडीतले कडक बंध सैल करतो आणि नत्रही वाढवतो. उघडल्यावर डोळ्यांना झोंबेल असा वास आला तर प्रक्रिया जमली. कुबट वास आला तर प्लॅस्टिकला भोक होते, तो भाग उकिरड्यावर टाकावा. घालण्याआधी तासभर पसरून ठेवावे आणि सहा महिन्यांखालच्या रेडकांना देऊ नये.

इथे एक धोकादायक गल्लत होते. दुसरी एक पद्धत आहे, २ टक्के युरिया आणि १० टक्के मळी (कारखान्यातले मोलॅसिस) किंवा गुळाचे पाणी शिंपडून लगेच घालण्याची. दोन्हींची भेसळ करून युरियाच्या हवाबंद गंजीत गूळ ओततात. उष्णतेत अमोनिया आणि साखर एकत्र आल्यास विषारी द्रव्य तयार होऊ शकते आणि जनावर बेभान होऊन धावते. हवाबंद गंजीत गूळ नको. न विरघळलेल्या युरियाचा खडा कुठल्याच पद्धतीत जनावराच्या तोंडी जाता कामा नये. लाळ, थरथर, पोटफुगी दिसली तर डॉक्टर येईपर्यंत व्हिनेगर थंड पाण्यातून, ठसका लागणार नाही अशा बेताने पाजावे.

परतीच्या पावसात भिजून काळे पडलेले पिंजर म्हशीला घालूच नये. त्यातल्या बुरशीने देगनाळा होतो: शेपटीचे टोक, कानाच्या कडा, खूर काळे पडून सडतात. भुईमुगाच्या वेलात १० टक्क्यांवर प्रथिने असतात, पण बुरशी असेल तर तिचे अफ्लाटॉक्सिन हे विष दुधात उतरते. दुधातली त्याची कायदेशीर मर्यादा किलोमागे अर्धा मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे जवळजवळ शून्यच.

शेवटी कारखाने आणि दूध संघांना एक विनंती. ऊसतोड यंत्र शेंडा बारीक कापून फडात उधळते, त्यामुळे यंत्र फिरलेल्या फडातून वैरण मिळतच नाही. मजुरांच्या तोडीत वाड्याची पेंढी विकली जायची, ती आता कमी होते आहे. यंत्राच्या शेंडा-कापणीखाली गोळा करणारी पेटी किंवा मागून उचलणारा ट्रॉलीवाला, यातले काय परवडते हे एका हंगामात एका गटात तपासून पाहावे. वाडे गोळा झाले तर दूध संघांनी जागेवर कुट्टी यंत्र आणि मुरघासाच्या पिशव्या द्याव्यात. राहिलेले पाचट पेटवण्याऐवजी सरीत पसरावे, कारण ते जनावराच्या फारसे उपयोगाचे नाही, खोडव्याला (तोडीनंतर पुन्हा फुटणाऱ्या उसाला) मात्र उपयोगी आहे.

आपला,
एक पशुआहार अभ्यासक,
ता. करवीर, जि. कोल्हापूर