ताई, झटकणी परत मिळाली

ताई, सप्रेम नमस्कार.

तुम्ही फोनवर किमान चार वेळा माझ्यावर ओरडलात, त्याबद्दल हे जाहीर आभारपत्र. तुम्ही जखमी, पोरक्या रानपाखरांचं केंद्र चालवता, पण नाव घालायचं नाही अशी ताकीद आहे, म्हणून नुसतं ताई.

जुलैतली सकाळ. भांडुप पंपिंग स्टेशनच्या रस्त्याला गवतातून पाच पिल्लं चिवचिवत थेट माझ्या बुटांपाशी आली. कुणाची तरी पाळलेली असतील, असं मला वाटलं. तुमचा पहिला प्रश्न होता, "आई कुठाय?" मग मला लांब झाडाआड तासभर भिजत उभं केलंत, कारण आई जवळपास असेल तर पिल्लं उचलणं म्हणजे पळवणंच. आई सापडली, पण खारफुटीच्या कडेला, कुत्र्यांनी फाडलेली. काळी चोच, तिचं टोक पिवळं आणि मुळाशी तांबडे ठिपके, असं मी सांगितलं आणि तुम्ही जरा वेळ बोललाच नाहीत. मग म्हणालात, "हळदी-कुंकू बदक." ते नाव मी पहिल्यांदा ऐकलं, तेही अशा वेळी.

पिल्लं घरी न्यायच्या आधी तुम्ही १९२६ वर वनखात्याला कळवायला लावलंत. रानपाखरू घरात ठेवणं १९७२ च्या कायद्याने गुन्हा आहे, हे मला शाळेत कुणी सांगितलं नव्हतं. पण रुळांवर पाणी, लोकल बंद, तुमच्यापर्यंत पोचायची सोय नाही. तिकडून होकार आला आणि पाऊस ओसरेपर्यंत पिल्लं आमच्याकडे राहिली. तीन रात्री.

आल्याआल्या मी दोन घोडचुका केल्या. बशीत दूध-पाव ठेवला आणि टब भरून पिल्लं त्यात सोडली. बदकच ना, पोहणारच! तुम्ही फोनवरून अक्षरशः किंचाळलात. आईच्या पंखाखाली न वाढलेल्या पिल्लाची लव भिजते, अंग गारठतं आणि पाण्यातलं पिल्लू पाण्यानेच मरतं. दूध तर पाखरांना पचतच नाही. मी टॉवेलने टिपून घेतली, तरी पहाटे एक गेलं. तुम्ही त्याबद्दल मला एका शब्दाने बोलला नाहीत. तेव्हा बोलायला हवं होतंत, असं आजही वाटतं.

मग आंब्याची पेटी आली. तळाला वर्तमानपत्र नको, त्यावर पाय घसरून फाकतात, म्हणून जुना टॉवेल. ऊब साधारण ३५ अंश, पण एक कोपरा गार, म्हणजे गरम झालं तर पिल्लाला सरकता यावं. एलईडीने ऊब येत नाही. साठ वॉटचा जुना पिवळा बल्ब शेवटी खालच्या इलेक्ट्रिशियनच्या डब्यात मिळाला. पाण्याच्या ताटलीत भाच्याच्या गोट्या, बुडू नयेत म्हणून. कोंबडीच्या पिल्लांचं खाद्य, पण औषध न घातलेलं, आणि वर चिमूटभर यीस्ट. बदकाला कोंबडीपेक्षा नायसिन हे जीवनसत्त्व जास्त लागतं, नाहीतर पाय वाकतात. पिंपातल्या डासांच्या अळ्या गाळणीने काढून दिल्या तर चारही जण तुटून पडले. पालिकेचा माणूस बघता तर दंडच केला असता.

पण खरे आभार मानायचे ते दुसऱ्याच गोष्टीचे. तुम्ही मला त्यांच्यावर माया करू दिली नाहीत. बोलायचं नाही, नावं द्यायची नाहीत, कुरवाळायचं नाही, पेटीवर चादर टाकायची. माणसाला आई समजून बसलं की ते पाखरू पुढे रानात जगत नाही. "मग रात्री चिवचिवतात त्याचं काय?" मी विचारलं. तुम्ही म्हणालात, घरात पिसांची झटकणी आहे का? आईची होती, कपाटावरची. पेटीत उलटी टांगली आणि दोन मिनिटांत चौघं तिच्या पिसांत शिरून गप्प. मी स्वयंपाकघरात जाऊन रडलो, कारण तिथे बोलायला बंदी नव्हती.

चौथ्या दिवशी पिल्लं झटकणीसकट तुमच्या केंद्रात गेली. नंतर भेटायला आलो तर पडद्याच्या अलीकडूनच परत पाठवलंत. राग आला होता, खोटं कशाला बोलू.

सप्टेंबरअखेर तळ्याकाठी पिंजरा उघडलात, तेव्हा मला बरंच मागे उभं केलं होतंत. चौघं पाण्यात उतरली, थोडी पोहली आणि उडून पलीकडच्या लव्हाळ्यात गेली. एकानेही मागे वळून पाहिलं नाही. तुम्ही माझ्याकडे बघून अंगठा वर केलात आणि मग पिशवीतून झटकणी काढून दिलीत. निम्मी पिसं गेलेली.

आईने ती दिवाळीच्या साफसफाईला मागितली. मी तिला नवी आणून दिली.

तुमचा,
भांडुपचा टबवाला