ढोल खाली ठेवणाऱ्या ताईस

आमच्या सोसायटीच्या विसर्जन मिरवणुकीत ढोल वाजवायला आलेल्या पथकातल्या एका मुलीचे आभार मानायचे राहून गेलेत. नाव विचारायचंही सुचलं नाही.

माझा मुलगा नऊ वर्षांचा, स्वमग्न आहे. मी मंडळाची खजिनदार. (दरवर्षी ‘यंदा नको’ म्हणते आणि वर्गणीचं पावतीपुस्तक माझ्याच हातात येतं.) बेत असा होता, की आरती झाली की नवरा त्याला घेऊन वर जाईल. पण पथक लवकर आलं, नवरा ट्रॅफिकमध्ये अडकला आणि मी टेम्पोवाल्याशी हिशेब करत असताना पहिला ठोका पडला. मुलगा कानांवर हात दाबून थेट टेम्पोखाली शिरला. बाहेर ओढायला चारजण धावले, त्याने तो आणखीच किंचाळायला लागला. ‘जरा शिस्त लावा’ हेही कुणीतरी म्हणालंच.

ताई, तुम्ही हात वर करून वादन थांबवलंत. लोकांना मागे सरकवलंत. त्याला हात न लावता, काही न विचारता, पांढऱ्या सलवारीची पर्वा न करता चिखलात बसलात आणि ढोल आडवा करून त्याच्याकडे सरकवलात. ढोलाच्या दोऱ्यांचे पीळ तो मोजत बसला. दहा-बारा मिनिटं तरी गेली असतील. तेवढा वेळ अख्खं पथक गप्प उभं होतं. मग तो आपणहून बाहेर आला.

गेटबाहेर जाईपर्यंत तुम्ही नुसत्या झांजा वाजवल्यात, त्याही हळू. तो हल्ली घरातल्या सगळ्या दोऱ्यांचे पीळ मोजतो.